यादीतला सतरावा

"सर, हे अजून कुणी वापरतं?"

शमीम तडवीने हे विचारलं तेव्हा ती माझ्या खुर्चीवर बसली होती आणि मी माझ्याच खोलीत पाहुण्यासारखा दाराशी उभा होतो. फेब्रुवारी महिना होता. सकाळचे नऊ वाजायचे होते.

तिचं चोपड्याच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. ती आमच्याच कॉलेजात शिकलेली. मी तिथे सत्तावीस वर्षं ग्रंथपाल होतो, म्हणून ती मला सर म्हणायची. मी मात्र तिला अहोजाहो करायचो. विद्यार्थ्याला अरेतुरे करायला त्याला वर्गात शिकवलेलं असावं लागतं, नुसती पुस्तकं देऊन तो हक्क येत नाही, असं मला वाटायचं. ती त्यावर हसायची.

मी म्हणालो, मी वापरतो. का, काही बिघडलंय का?

बिघडल्याचं मला ठाऊक होतं. साडेसातला पुण्याहून पुतण्याचा फोन आला होता. काका, तुम्ही मला हे काय पाठवलंय, म्हणून विचारत होता. मी काहीच पाठवलेलं नव्हतं. त्याने वाचून दाखवलं. इंग्रजीत दोनच ओळी होत्या: हे तुमच्यासाठी जपून ठेवलं होतं, कृपया उघडून पाहा. खाली माझं नाव आणि सोबत एक फाईल. पुतण्या माहीतगार, त्याने उघडली नाही. पण नाव माझंच होतं, पत्ता माझाच होता, आणि ईमेल आम्ही म्हातारे सगळेच इंग्रजीत लिहायचो, कारण मराठी टाइप करणं एकदोघे सोडले तर कुणालाच जमत नसे. म्हणजे संशय यावा असं त्यात काही नव्हतं.

शमीमने पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवलं. तो माझा ब्राउझर. ज्यातून मी इंटरनेट पाहायचो ते दार म्हणा. माझ्याकडे तो संगणक आला त्या दिवसापासून तोच होता.

तिने मला समजावलं ते असं. प्रत्येक ब्राउझरला भोकं असतात. एखादं भोक सापडलं की कंपनी त्यावर ठिगळ पाठवते. माझ्या ब्राउझरला ठिगळं येणं केव्हाच बंद झालं होतं, कारण कंपनीनेच तो टाकून दिला होता. "त्याची भोकं कुठे कुठे आहेत ते आता सगळ्या जगाला माहिती आहे, सर. फक्त तुम्हालाच नाही."

मी म्हणालो, पण मी कशावरही बटण दाबलं नाही. काल रात्री जेवणाआधी एका जुन्या पुस्तकाची प्रत कुठे मिळते का ते शोधत होतो, तीन-चार पानं पाहिली, इतकंच.

"दाबावं लागत नाही. नुसतं पान उघडलं की पुरे. त्या पानात बसलेला आत शिरतो, तुमची पत्त्यांची वही घेतो आणि तुमच्या नावाने पत्रं टाकतो. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एकतीस गेलीत."

त्या एकतीस जणांत जो ती फाईल उघडेल त्याच्या संगणकातल्या सगळ्या फायलींना कुलूप लागेल, असं ती म्हणाली. चावी द्यायला ते लोक पैसे मागतात, आणि देऊनही चावी मिळेलच असं नाही. माझ्या संगणकातलं तिने लगेच साफ केलं, पत्रांचा पासवर्ड बदलला, इंटरनेटची तार काढून ठेवली. मग तिने पुन्हा तेच विचारलं. नवा ब्राउझर फुकट मिळतो, पाच मिनिटांत बसतो, दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः बसवूनही दिला होता. तो काढून मी जुना परत का घेतला?

मी म्हणालो, सवय.

ती खरी गोष्ट नव्हती. पण खरी गोष्ट सांगितली असती तर ती हसली नसती, आणि मला तेच नको होतं.

"फोन करा सगळ्यांना," ती उठता उठता म्हणाली. "आत्ता लगेच. आणि सर, ओळीने नका करू. जो तुमचं पत्र डोळे झाकून उघडेल ना, त्याला आधी करा."

ती गेल्यावर मी एकतीस नावं कागदावर उतरवून घेतली. मला टेलिफोनचं भय आहे. आजही आहे. समोरचा माणूस दिसत नाही, त्याला आपण नको आहोत की काय ते कळत नाही. शक्य असतं तर मी एकतीस पोस्टकार्डं लिहिली असती. कागदाकडे बघत बसलो आणि मग दुसरा कागद घेऊन ती सगळी नावं आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावली. जन्मभर तेच केलं होतं. त्यात दहा मिनिटं गेली. नेहेते सतरावा आला.

शमीमने सांगितलं होतं त्याप्रमाणे तो पहिला असायला हवा होता. हे मला यादी लावतानाही माहीत होतं.

पहिलं नाव अत्तरदे. कॉलेजच्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क. त्यांनी फोन उचलला आणि आधी मीच गेलो की काय अशी शंका घेतली, कारण माझ्या नंबरावरून फोन म्हणजे कुणीतरी कळवायला केला असणार. मग गुडघ्यांची हकिगत सांगितली, मग नातवाची. मी मध्येच कसंबसं सांगितलं की माझ्या नावाने काही आलं असेल तर उघडू नका. ते म्हणाले, "अहो वाणी, तुम्ही कधी कुणाला काही पाठवता का? मी बघताच ओळखलं." त्यांनी हे गमतीने म्हटलं. मी त्यांच्या नावापुढे खूण केली.

पुढचे फोन भराभर झाले. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे फोन उचलणाऱ्या मुलीला वाणी कोण ते ठाऊक नव्हतं. कपाटं पुरवणाऱ्या दुकानदाराने धंदा बंद केला होता. चौघे हयातच नव्हते. एकाच्या सुनेने ते गेल्याचं सांगितलं आणि तुम्हाला पत्र पोचलं नाही का म्हणून उलट मलाच विचारलं. बाकीचे दोन मिनिटं बोलले, बरं बरं म्हणाले, तब्येत कशी विचारलं. त्या एकतीस जणांपैकी एकानेही मला वर्षभरात काही लिहिलं नव्हतं. मीही कुणाला लिहिलं नव्हतं. त्यांचे पत्ते माझ्या वहीत होते म्हणून मी त्यांना माझी माणसं समजत होतो.

एक वाजायला आला तेव्हा मी सतराव्या नावाशी पोचलो.

डिगंबर नेहेते आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ग्रंथालयात शांतता राखा अशी पाटी मी लावली तेव्हा तिच्याखाली त्याने पेन्सिलीने 'नेहेते वगळून' असं लिहिलं होतं. मला मित्र करायचं त्यानेच ठरवलं. मी कधी कुणाला मित्र करायला गेलो नसतो. रविवारी तो सातपुड्यात झाडं बघत हिंडायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन काय पाहिलं ते सांगायचा. कुठल्या झाडाला तिथले आदिवासी, पावरे काय म्हणतात, तडवी काय म्हणतात, कोणी सांगितलं, कुठल्या पाड्यावर सांगितलं, सगळं तो टिपून ठेवायचा. मी ऐकायचो, आणि त्याने हवे म्हटलेले संदर्भ शोधून द्यायचो. अशी एकोणीस वर्षं गेली.

मग त्याची बायको सिंधूवहिनी वारली. शोकसभेत तू दोन शब्द बोल, असं तो मला म्हणाला. तिला पुस्तकं तूच द्यायचास, तिला काय आवडायचं ते तुलाच माहिती. मी दीड पान लिहून काढलं. नीट कपडे करून सभागृहाच्या फाटकापर्यंत गेलो. आत कुणीतरी माइक ठोकून बघत होतं. तो आवाज ऐकून मी परत फिरलो आणि घरी येऊन दाराला कडी लावून बसलो.

नेहेतेने मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही. दोन महिन्यांनी तो लेकीकडे नाशिकला राहायला गेला. जायच्या आदल्या दिवशी घरी येऊन ज्योत्स्नाचा नंबर देऊन गेला, तेव्हाही काही बोलला नाही. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू. मग इतके दिवस केला नाही तर आता कसा करायचा, असं होत होत नऊ वर्षं झाली. त्यानेही केला नाही.

पण त्याचं एक पान होतं. इंटरनेटवर मराठी पानं नवीनच येत होती तेव्हा त्याने ते बनवून घेतलं होतं, सातपुड्यातल्या झाडांचं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पान उघडलं की मराठी अक्षरांचा साचा आपोआप उतरायचा, आणि तो फक्त त्या जुन्या ब्राउझरातच उतरायचा. नव्यात तेच पान उघडलं की सगळा कडबा दिसायचा, एक अक्षर लागायचं नाही. नेहेतेने ते बदललं नाही. मधूनमधून तो त्यात एखादं झाड घालायचा. कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. खाली तारीख टाकायचा. मी ते पान रोज सकाळी उघडायचो. नवीन झाड असलं तर वाचायचो. नसलं तरी जुन्यांतलं एखादं वाचायचो. अंजनाच्या झाडाबद्दल त्याने लिहिलेलं मला जवळजवळ पाठ झालं होतं. तो बोलायचा तसंच लिहायचा, त्यामुळे वाचताना त्याचा आवाज ऐकू यायचा.

त्यासाठी मी ते भोकाभोकांचं दार ठेवलं होतं.

सतराव्या नावाशी पोचलो तेव्हा मला वाटलं, एक वाजलाय. तो जेवत असेल. मग झोपेल. म्हाताऱ्या माणसाला दुपारी उठवू नये. मी त्याच्या नावापुढची जागा रिकामी सोडली आणि पाटकरांना फोन लावला. मग फेगडे, मग बऱ्हाटे, मग महाजन. वाघुळदे झाला, शिंपी झाले, शेवटी हिवरकर. सव्वाचारला यादी संपली. सतरावी जागा सोडून सगळीकडे खुणा होत्या. मी चहा केला, कप विसळून ठेवला. मग दुसरं काही करायचं उरलं नाही तेव्हा, पाच वाजून गेल्यावर, नाशिकचा नंबर फिरवला.

ज्योत्स्नाने उचलला. मी नाव सांगितलं तेव्हा तिने आतल्या बाजूला तोंड करून सांगितलेलं मला ऐकू आलं. "बाबा, वाणीकाकांचा फोन आहे."

तो फोनवर आला. आवाज बसका झाला होता. "वाणी," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझं पत्र आलं. उघडलं मी."

कधी उघडलंस, असं मी विचारलं. चारला, तो म्हणाला. तेव्हापासून संगणक नीट चालत नाही. फायलींची नावं भलतीच दिसताहेत, एकही उघडत नाही.

"तूच पाठवलं होतंस ना?"

"नाही," मी म्हणालो. "ते माझं नाही."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग मी सगळं एका दमात सांगितलं, ब्राउझर, भोक, एकतीस पत्ते, शमीमने सांगितलेलं सगळं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. हे त्याच्या स्वभावात नव्हतं.

"कधी कळलं तुला हे?" त्याने विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो. "तासभर झाला असेल."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शमीमने ज्योत्स्नाला फोन करून पडद्यावर काय दिसतं ते विचारून घेतलं. नेहेतेने तिला पहिल्या वर्षाला नापास केलं होतं, ते तिने त्याला फोनवर ऐकवलं आणि दुसऱ्या वेळी तरी पास केलंत म्हणून मदत करते, असं म्हणाली. पण मदत करण्यासारखं काही नव्हतं. ते कुलूप तिच्याने उघडणारं नव्हतं, ज्योत्स्नाने बोलावलेल्या नाशिकच्या दुरुस्तीवाल्यालाही उघडता आलं नाही. नेहेतेने सहाशे बारा झाडाझुडपांची टिपणं केली होती. पानावर त्यांतली एकशे अठ्ठेचाळीस होती, तेवढी बचावली. बाकीची त्या संगणकात होती. त्यांची दुसरी प्रत एका पेन ड्राइव्हवर होती आणि तो पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून त्याने कायमचा त्याच संगणकाला लावून ठेवला होता. त्यालाही कुलूप लागलं. हाताने लिहिलेल्या वह्या घर बदलताना त्याने रद्दीत दिल्या होत्या. सगळं टाइप झालंय, म्हणून.

मी त्या आठवड्यात नीट जेवलो नाही. शमीम दोनदा येऊन गेली. तिने नवा ब्राउझर बसवला, आणि मी तो ठेवला. नेहेतेचं पान त्यात उघडून बघितलं. कडबा दिसला. मी ते बंद केलं.

आठव्या दिवशी त्याचाच फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "ये इकडे," तो म्हणाला. "मी सांगतो, तू लिही. माझा हात आता थरथरतो. आठवतंय तोवर उतरवून काढू."

मी म्हणालो, मी? तो म्हणाला, दुसरं कुणी ही नावं ऐकलेलीच नाहीत. मी अर्धवट सांगितलं तर पुढचं तुला आठवेल.

मी धुळ्यावरून नाशिकला गेलो. सोबत फुलस्केप कागदांचे चार दस्ते घेतले होते. एसटीत पूर्ण वेळ मी एकच वाक्य मनात घोकत होतो: मला सकाळी नऊलाच कळलं होतं. गेल्या गेल्या हे सांगायचं, मग त्याला वाटलं तर त्याने मला परत पाठवावं, असं ठरवलं होतं. दारात तो उभा होता, काठी घेऊन, निम्मा झालेला. त्याने माझ्या हातातले कागद बघितले आणि म्हणाला, "नव्या नवरीसारखा लाजत काय येतोस, आत ये." मी आत गेलो. वाक्य तसंच राहिलं.

चार दिवस आम्ही त्याच्या खोलीत बसलो. ज्योत्स्ना शाळेत शिकवायची, ती गेली की घरात आम्ही दोघंच. तो डोळे मिटून चालत जायचा, म्हणजे मनातल्या मनात. नदी ओलांडली, डावीकडे वळलो, इथे सालई, पुढे कांडोळ, उघडा पडलेला, पांढराफटक. त्या पाड्यावर म्हातारी होती, तिने याला काय म्हटलं होतं? आणि तो अडायचा. कधी मला ते नाव आठवायचं, कारण पंचवीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या रविवारी त्याने ते चहा पिता पिता सांगितलेलं असायचं. बहुतेक वेळा मलाही आठवायचं नाही. मग मी जागा कोरी सोडायचो. तो डोळे उघडून कोऱ्या जागेकडे बघायचा आणि म्हणायचा, चल, पुढे. त्या म्हाताऱ्या आता नव्हत्या. ती नावं ज्यांच्या तोंडी होती त्यांच्यापैकी फार थोडी माणसं उरली होती.

प्रत्येक कोरी जागा मला ओळखत होती. मी एक वाजता फोन केला असता तर ती भरलेली असती.

रोज सकाळी मी आता सांगायचं असं ठरवायचो. आणि रोज तो असं काही बोलायचा की वाटायचं, एवढं झाड होऊ दे. मला त्या चार दिवसांचा मोह पडला होता, हे कबूल केलं पाहिजे. नऊ वर्षं मी त्याचा आवाज अक्षरांत ऐकला होता, आणि आता तो समोर बसून मला "अरे ढ" म्हणत होता. सांगितलं तर हे संपणार होतं. आज तो जाऊन तीन वर्षं झाली, तरी मला ते चार दिवस तारखेसकट आठवतात.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही काकडाच्या झाडाशी आलो होतो. त्याने मध्येच थांबून विचारलं की ज्योत्स्ना म्हणते असला जुना ब्राउझर आता कुणी ठेवत नाही, तिच्या शाळेतसुद्धा नाही. "मी ठेवला होता कारण माझं पान त्यातच करता येतं. तू कशाला ठेवलास?"

"तुझं पान त्यातच वाचता येतं," मी म्हणालो.

"वाचायचास?"

"रोज."

त्यावर काही बोलायला त्याने तोंड उघडलं, पण मी त्याला बोलू दिलं नाही. आता थांबलो तर पुन्हा कधीच जमणार नाही हे मला कळलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं. मी खोटं बोललो. मला चारला नाही, सकाळी नऊला कळलं होतं. शमीम म्हणाली होती की जो डोळे झाकून उघडेल त्याला आधी फोन कर. मी अकारविल्हे यादी लावली, म्हणजे तू लांब जाशील. एक वाजता तुझ्या नावाशी आलो आणि तुला सोडून पुढे गेलो. तीस जणांना सांगितलं. तुला तेवढं सांगितलं नाही, कारण तुझ्याशी काय बोलू ते मला कळत नव्हतं. तुझी टिपणं माझ्यामुळे गेली.

बोलून झाल्यावर मी माझी पिशवी कुठे ठेवली आहे ते बघून घेतलं.

"मला ठाऊक आहे," नेहेते म्हणाला.

मला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही.

"साडेदहाला अत्तरदेचा फोन आला होता. त्याने तुझं सगळं सांगितलं. वाणीच्या नावाने आलंय ते उघडू नको, वाणी एकेकाला फोन करतोय."

"मग उघडलंस का?"

तो बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"म्हटलं, एकेकाला करतोय तर मलाही करेल. फोन मांडीवर घेऊन बसलो. ज्योत्स्नाने जेवायला बोलावलं, म्हटलं, इथेच आण. दोन वाजले. महाजनला फोन करून विचारलं, त्याला तुझा आला होता. साडेतीनला वाघुळदेला विचारलं, त्यालाही आला होता. म्हणजे सगळ्यांना सांगितलंस, मला नाही. मग मला वाटलं, त्यांची पत्रं खोटी असतील. माझं तेवढं खरं असेल."

मी खाली बघत होतो. काकडाच्या नोंदीची तिसरी ओळ अर्धी झाली होती.

"त्यात लिहिलंच होतं की, तुमच्यासाठी जपून ठेवलं होतं," तो म्हणाला. "तू म्हटलंय की तुम्ही, ते शोधत बसलो. पण इंग्रजीत ते कळत नाही ना."

मी मान हलवली.

"वाणी," तो म्हणाला, "तू लिहिलं असतंस तर काय लिहिलं असतंस?"

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. दोनदा केला. मग म्हणालो, मला तोंडाने नाही जमणार.

त्याने दस्त्यातला एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला, काठी टेकत उठला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. मी वर तारीख घातली. प्रिय डिगंबर, असं लिहिलं. त्यापुढे बराच वेळ काही लिहिलं गेलं नाही. मग एक ओळ झाली, मग ती खोडली, मग पुन्हा तीच लिहिली.

बाहेरून त्याने विचारलं, "झालं का?"

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला.